आजीचं वय झालं होतं, मग मला इतकं रडू का येतंय?

परवा परत हाच प्रश्न आला म्हणून लिहून टाकते. मागे माझ्याकडे समुपदेशनाला एक मुलगी आली होती, तिशीची, आयटीतली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). आजी पाटण तालुक्यातली, कोयना खोऱ्यातल्या डोंगरावरची. झोपेत गेली, कसला त्रास नाही. घरचे म्हणाले, सोनं झालं, पिकलं पान कधीतरी गळायचंच. ऑफिसात तर आजीसाठी सुट्टी मागायचीच तिला लाज वाटली. आणि आता पाच महिने झाले तरी गाडीवर सिग्नलला थांबलं की रडू येतं, मॅडम मी नॉर्मल आहे ना.

आहेस. ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःखच मानत नाहीत ते आत साचत जातं, शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली यावर सविस्तर लिहिलंय. ती जेवत होती, कामावर जात होती, हसतही होती. वर्ष उलटून गेलं तरी जवळपास रोज तीच ओढ आणि कामधाम बंद, असं असतं तर मी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं असतं.

मी नेहमीचा होमवर्क दिला, आजीला पत्र लिही. सपशेल फेल. पुढच्या वेळी कोरा कागद घेऊन आली, म्हणे आजीला वाचता येत नव्हतं, पत्र कसं लिहू, आणि खरं सांगू का, मला तिच्याबद्दल काही माहीतच नाहीये. म्हणजे रडू नुसतं जाण्याचं नव्हतं, विचारायचं राहून गेलं याचं जास्त होतं. मला हे आधी कळायला हवं होतं.

मग म्हटलं, पत्र सोड, हिशोब मांडू. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९३८, त्या पिढीतल्या कितीतरी जणांची असते तशी अंदाजे टाकलेली. आजी तारखा सांगायचीच नाही, ती भूकंपाच्या आधी आणि भूकंपाच्या नंतर असंच बोलायची. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. आत्याला फोन लावला तर आत्या म्हणाली, माझं लगीन भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात, सतराची व्हते मी. म्हणजे आत्या १९५० ची. म्हणजे आधारप्रमाणे आजी बाराव्या वर्षी आई झाली! कसं शक्य आहे? त्यावर आत्या सहज बोलून गेली, अगं माझ्याआधी दोन झाली व्हती, जगली न्हाईत.

हे घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. आणि सत्त्याऐंशीची म्हणून पोचवलेली आजी बहुतेक पंचाण्णवच्या आसपास होती. विचारायला माहेरचं कुणी नाही, माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं कुठं कुठं पांगली.

पुढं वहीच भरायला लागली. आजोबा मुंबईत गिरणीत, शिमग्याला आणि गणपतीला घरी, बाकी वर्षभर राब भाजायचा, नाचणी करायची, गुरं, सासू सगळं हिच्याच अंगावर. १९८२ च्या संपात आजोबा ट्रंक घेऊन आले ते परत गेलेच नाहीत. त्याच ट्रंकेत मनीऑर्डरीचे तुकडे निघाले, दोऱ्यात ओवलेले, मजकूर लिहायची जागा असायची ना त्यावर, तेवढाच भाग. एक तिनं मला दाखवायला आणला होता. 'भात लावून झाले का. कासरा नवीन घे.' बस, एवढंच. वाचता न येणाऱ्या बाईनं हे पन्नासेक वर्षं जपून ठेवलं होतं, माझ्याच्यानं काही बोलवेना.

रडू थांबलं का, तर नाही. पण आता काय आठवून रडतेय ते तिला सांगता येतं, आणि आत्याला दर रविवारी फोन असतो. त्या न जगलेल्या दोघांची नावं काय होती तेही तिनं विचारलं. एकाचं आत्याला ऐकून ठाऊक होतं. दुसरं बारशाआधीच गेलेलं, नाव ठेवलंच नव्हतं. वहीत तिनं आत्याच्या वर दोन ओळी वाढवल्यात, एकीवर नाव आहे आणि दुसरीवर नुसताच आकडा, २.