वर्दीतला पाळक : मंडळींचे प्रश्न

प्रश्न : पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरी या ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेत शिकलो. आता गडहिंग्लजजवळ एका स्वतंत्र मंडळीत (चर्चमध्ये) पाळक, म्हणजे पास्टर आहे. वय २८. सैन्यात पाद्री म्हणून जाता येईल का?

उत्तर : वयात बसता, पण गाडी अडेल ती कागदावर. आपल्या भूदलात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू यांची भरती धर्मशिक्षक म्हणून नायब सुभेदार हुद्द्यावर होते. पाद्रीसाठी अट अशी, की चर्चच्या योग्य अधिकाऱ्याकडून दीक्षा झालेली हवी आणि नाव स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत हवं. तुमच्यासारख्या स्वतंत्र इव्हँजेलिकल (बायबल आणि सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळींना बहुधा बिशपच नसतो! त्यामुळे शिकलेली, तयारीची पोरं इथंच मागे राहतात. बिशप असलेल्या चर्चशी आधी बोलून घ्या, मग फॉर्म भरा. पदवी कोणत्याही शाखेची चालते. १६०० मीटर ८ मिनिटांत पळावं लागतं, तेव्हा पहाटेची प्रार्थना आटोपली की बूट चढवा.

निवड झाली तर प्रशिक्षण पुण्यातच, लष्कराच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत. तिथं पंडित आणि मौलवींच्या शेजारी बसून एकमेकांचे धर्म शिकावे लागतात. नेमणुकीनंतरच्या कामात प्रवचन थोडंच. अंत्यविधी, इस्पितळातल्या आजाऱ्यांच्या भेटी, शिक्षा भोगणाऱ्या जवानांना भेटणं हेही कर्तव्यांच्या यादीतच आहे. नुसती व्यासपीठाची हौस असेल तर गडहिंग्लजच बरं.

प्रश्न : मी सैनिक टाकळीचा निवृत्त हवालदार. नातू म्हणतो, अमेरिकेच्या सैन्यात पाद्री बंदूक घेत नाही. मग लढाईत त्याचं काय?

उत्तर : नातू बरोबर सांगतो. तिथं पाद्री निःशस्त्र असतो, हत्यार त्याच्या सहायकाकडे असतं. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं २४ वं कलम सैन्यातल्या धर्मसेवकांना वैद्यकीय पथकांसारखंच संरक्षण देतं. शत्रूच्या हाती लागला तरी तो युद्धकैदी ठरत नाही. कैद्यांची सेवा करण्यापुरतं त्याला ठेवून घेता येतं.

आता हिमतीचं म्हणाल, तर ब्रिटिश पाद्री थिओडोर हार्डी पहिल्या महायुद्धात पन्नाशी उलटल्यावर आघाडीवर गेले. १९१८ च्या एप्रिलमध्ये गोळीबार ऐकून ते गस्तीच्या तुकडीमागे निघाले आणि आपल्या चौक्यांच्या सुमारे ४०० यार्ड पुढे एक अधिकारी जबर जखमी पडलेला त्यांना दिसला. मदत येईपर्यंत ते त्याच्याजवळून हलले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. युद्ध संपायच्या महिनाभर आधी जखमांनी त्यांचा मृत्यू झाला.

प्रश्न : शाहूपुरीतल्या आमच्या महिला मंडळाला जगभरच्या लष्करी पाळकांसाठी काही करायचं आहे. बायबलं पाठवू का?

उत्तर : ताई, बायबलं नकोत, आणि पत्रकं तर अजिबात नकोत. खरी उणीव शिक्षणाची आहे. अमेरिकेच्या सैन्यात पाळकसेवा १७७५ पासून आहे, ब्रिटिश सैन्यात १७९६ पासून. त्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षण संस्था आहेत. बाकी बऱ्याच ठिकाणी ही सेवा नवी. दक्षिण कोरियात ती १९५१ मध्ये ऐन युद्धात सुरू झाली. ब्राझीलच्या फौजा १९४४ मध्ये इटलीत उतरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर प्रॉटेस्टंट पाद्री होते दोनच, बाप्टिस्ट पंथाचे सोरेन आणि मेथडिस्ट पंथाचे दा सिल्व्हा.

काही देशांत आजही गावच्या पाळकाला वर्दी चढवतात आणि दुसऱ्या दिवशी पलटणीत धाडतात. त्याला उपदेश येतो. पण मुलगा गेल्याची बातमी घेऊन आईच्या दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. माझ्या मते ते वाक्य सरळ असावं, ‘तुमचा मुलगा गेला’ एवढंच. बायबलची वचनं नंतर, आणि विचारलं तरच. ज्याच्या हातून माणूस मेलाय आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अशा जवानाजवळ गप्प बसणंसुद्धा शिकावं लागतं. चौकशी करायची तर ‘असोसिएशन ऑफ मिलिटरी ख्रिश्चन फेलोशिप्स’ हे अनेक देशांतल्या ख्रिस्ती सैनिकांना जोडणारं जाळं आहे. अमेरिकेतली ‘ॲक्ट्स’ आणि ब्रिटनमधली ‘मिलिटरी मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल’ या संस्था त्याला हातभार लावतात.

काही द्यायचंच असेल तर एखाद्या पाळकाच्या प्रशिक्षणाचा प्रवासखर्च उचलावा, आणि तो परतल्यावरही त्याला पत्र लिहीत राहावं. सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या या माणसाचं ऐकणारं कुणी नसतं. शिवाय आपल्या कोल्हापुरातच टेंबलाईला टेरिटोरियल आर्मीची (अर्धवेळ सैनिकांची) पलटण आहे, आणि तुमच्याच मंडळीत एखाद्या जवानाची बायको एकटीनं घर रेटत असेल. तिच्याकडे चहाला जायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : मुलगा सैन्यात अधिकारी होण्याची तयारी करतोय. आम्ही इव्हँजेलिकल. पलटणीच्या मंदिरात जावं लागलं तर? (एक आई, कागल)

उत्तर : हा प्रश्न आता कोर्टातून येऊन गेलाय. थर्ड कॅव्हलरी या रणगाड्यांच्या पलटणीत शिखांच्या तुकडीवर असलेल्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटनं पलटणीच्या धर्मस्थळाच्या गाभाऱ्यात जायला नकार दिला. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढलं. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं आणि २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. निकालावर आपल्या मंडळींत दोन मतं आहेत. मला तो कडक वाटतो. पण ज्याची तुकडी शिखांची, त्यानं त्यांच्यापासून किती अंतर ठेवायचं, याचा विचार वर्दी चढवण्याआधीच व्हायला हवा. हे काम पाळकांचं. आम्ही पोरांना आशीर्वाद देऊन एस. टी. त बसवतो आणि हा विषय काढतच नाही. मुलाला घेऊन तुमच्या पाळकांकडे जा, आणि सोबत एखादा निवृत्त सुभेदार असू द्या, ख्रिस्ती नसला तरी चालेल.