‘दुविधा’वर एकांकिका करायची आहे. आधी मणी कौलांचा सिनेमा पाहू की ‘पहेली’?

दोन्ही सिनेमे एकाच कथेवरचे; दोन्ही पाहा, पण संहितेचा पहिला खर्डा झाल्यावर. आधी विजयदान देथांची ‘दुविधा’ ही मूळ कथा वाचा. मूळ राजस्थानी जमणार नसेल तर कैलाश कबीर यांचा हिंदी अनुवाद आहे.

खरं तर एवढं सांगून गप्प बसले असते, पण प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय की ‘नवऱ्याच्या रूपात आलेला तो भूत आहे हे शेवटपर्यंत लपवायचा विचार आहे, म्हणजे क्लायमॅक्सला धक्का बसेल’. हे वाक्य मी नव्वदीच्या सुरुवातीला, कॉलेजच्या तालमीत, शब्दशः ऐकलेलं आहे. आमचे दिग्दर्शक महाशय (नाव घेत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून आहेत) म्हणाले होते, “प्रेक्षकाला आधीच कळलं तर मग उरलं काय?” आणि भूत नवरीला आपण कोण ते सांगतं, तो कबुलीचा प्रवेश त्यांनी सरळ कापला.

मी नवरी होते. शेवटी निवाडा करणारा मेंढपाळ भुताला चामड्याच्या पिशवीत कोंडतो तेव्हा मी लेव्हलवर (स्टेजवरच्या चौथऱ्यावर) उभी राहून किंचाळायचं, मग ब्लॅकआउट. कथेत ती तिथे नसतेच हो! ती घरी बाळंतीण आहे, आणि पुरुष परस्पर न्याय करून मोकळे होतात. मी म्हटलं, “ही किंचाळेल कशाला? हिला पहिल्या रात्रीपासून माहीत आहे.” तर उत्तर आलं, “तू अभिनय कर, संहिता मी बघतो.” मी किंचाळले. टाळ्याही पडल्या. नंतर परीक्षक स्टेजवर बोलायला आले आणि म्हणाले, “फसवल्या गेलेल्या बिचाऱ्या स्त्रीची व्यथा छान पोचली.” बक्षीस नेपथ्याला मिळालं. ‘बिचारी’ हा शब्द मला अजून टोचतो.

कथेत नेमकं उलट आहे. नवरा लग्नाच्या रात्रीही हिशोबात बुडालेला, आणि लगेच पाच वर्षांसाठी व्यापाराला परगावी निघतो. वाटेत वरात विसाव्याला थांबली असताना तिच्यावर भाळलेलं भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. सासऱ्याला रोज मोहरा मिळताहेत म्हटल्यावर तो फार चौकशी करत नाही. सगळ्या घराला बनवणं भुताला सोपं आहे. पण तिच्या खोलीत शिरल्यावर ते सगळं खरं सांगतं आणि राहू की जाऊ हे तिच्यावर सोडतं. तिला आयुष्यात असं कुणी पहिल्यांदाच विचारतंय. ती ‘राहा’ म्हणते. कथा इथे आहे. पुढचा न्यायनिवाडा, निखारे हातात धरणं, मेंढ्या गोळा करणं, पिशवीत शिरणं, हे लोककथेतलं जुनं सामान आहे.

जुनं म्हणजे किती, तर लालबिहारी डे यांच्या १८८३च्या बंगाली लोककथासंग्रहात एका ब्राह्मणाची गोष्ट आहे. तो परगावी जातो, भूत त्याच्या रूपात घरात घुसतं, खरा परत आल्यावर हाकलला जातो. शेवटी राजा-राजा खेळणारा एक गुराखी पोरगा निवाडा करतो: जो या अरुंद तोंडाच्या कुपीत शिरेल तो खरा. भूत शिरतं, पोरगा बूच लावतो, संपलं. त्यात बायकोला काही ठाऊकच नसतं, तिचं मतही कुणी विचारत नाही. गोष्ट पोराच्या हुशारीची. देथांनी ती बाईची केली, आणि ती केली त्या कबुलीनं. ती कापलीत की तुम्ही देथांच्या बोरुंदा गावाहून निघून परत बूच लावलेल्या कुपीपाशी येता. हे मला तेव्हा माहीत असतं तर तालमीत तोंडावर फेकलं असतं. आता इथे फेकते.

सिनेमांबद्दल. मणी कौलांचा ‘दुविधा’ १९७३चा, देथांच्याच गावात, बोरुंद्यात चित्रित केलेला. माणसं फारशी बोलत नाहीत, मनातलं वरून ऐकू येतं, मध्येच चित्र गोठतं. रईसा पदमसी घुंगटाआडून नुसती बघते. कंटाळा येईल, येऊ द्या. रंगमंचासाठी तुम्हाला यातूनच जास्त मिळेल. पात्राच्या तोंडून सगळं वदवावं लागत नाही, हे तिथे शिकता येतं.

‘पहेली’ २००५चा, अमोल पालेकरांचा, पटकथा संध्या गोखले यांची. आपल्याकडे या सिनेमाला नाकं मुरडायची पद्धत आहे. महाशय दर दिवाळी अंकाच्या मोसमात ग्रुपवर लिहितात की पालेकरांनी शेवट बदलून कथेचा खून केला. शेवट बदलला हे खरंच. कथेत बाईच्या वाट्याला परतलेला नवरा आणि पदरात मुलगी, बस. सिनेमात भूत नवऱ्याच्याच शरीरात शिरून परत येतं. पण कबुलीचा प्रसंग पालेकरांनी व्यवस्थित ठेवलाय, राणी मुखर्जीच्या लच्छीला निवड करायला पुरेसा वेळ दिलाय. शेपूट बदलणारा खुनी, मग काळीज काढणारा कोण?

‘पहेली’ निर्दोष आहे असं मात्र नाही. अति देखणा आहे, घरात कुणाचा घागरा कधी मळत नाही. आणि त्या शेवटात एक गोची आहेच: जे भूत तिला विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही, ते नवऱ्याच्या अंगात शिरताना कुणाला विचारतं? मग तो बिचारा किशन, म्हणजे खरा नवरा, गेला कुठे? हा आक्षेप कुणी घेतला तर मी ऐकून घेईन. ‘सुखान्त म्हणजे बाजारू’ हा आक्षेप मात्र ऐकणार नाही.

वेळेत बसत नसेल तर मेंढपाळाच्या तीन परीक्षांतल्या दोन उडवा, वरात एका गाण्यात संपवा. कबुलीला हात लावू नका. आणि प्रयोगाआधी परवानगीचं पत्र मिळवा. देथा २०१३ साली गेले, हक्क अजून वारसांकडे असणार, आणि स्पर्धेचे अर्ज भरताना ते पत्र मागतात.