जपानमधील लहान इझाकायात, म्हणजे मद्याबरोबर छोटे पदार्थ देणाऱ्या खानावळीत, साके (तांदळापासून केलेले मद्य) गरम मागवावी की थंड?
साके कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्याबरोबर कोणता पदार्थ येणार आहे, यावर हे ठरवावे. तांदळाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग घासून काढून केलेली दाईगिंज्यो प्रकारची साके १० अंश सेल्सिअसच्या आसपास थंडच घ्यावी, कारण तिचा फळांसारखा नाजूक सुगंध तापवल्यावर विरून जातो. उलट, भरदार चवीची साधी जुनमाई (वरून मद्यार्क न मिसळता केलेली साके) ४० ते ५० अंशांपर्यंत गरम केली की खुलते आणि मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्यात) मुरवून भाजलेल्या माशाबरोबर, माझ्या मते, तिच्याइतके काहीच शोभत नाही. मात्र अशा ठिकाणी स्वयंपाकी बाजारात त्या दिवशी जे मिळेल त्यातून नवे पदार्थ रचत असतो, त्यामुळे आधी पदार्थ मागवावेत आणि साके त्यालाच निवडू द्यावी. मद्यार्काचे प्रमाण साधारण १५ टक्के असल्याने १८० मिलिलिटरचे एक माप दोघांत पुरते.