पेडलचा पट्टा: आधी सुटतो कसा ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात गिअरच्या साध्या सायकलवर गोडोलीहून एमआयडीसीत कामाला जाता, रविवारी यवतेश्वर किंवा जमलं तर कास. पावसात पाय पेडलवरून सटकतो, मागच्या आठवड्यात नडगी सोलून निघाली. पाचशे रुपयांच्या आत पाय पक्का धरून ठेवेल असा पट्टा कुठला? मी सोळा वर्षं याच रस्त्यांवर सायकल चालवतोय आणि बहुतेक सगळे प्रकार वापरून झालेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पट्ट्याआधी पेडल बघा. सायकल आडवी करून पेडलच्या दोन्ही कडांना आरपार फट आहे का ते पाहा. फट असेल तरच पट्टा ओवता येतो. काळ्या साध्या सायकलीला रबरी ठोकळ्यांचं पेडल असतं, त्याला पट्टा नीट बसत नाही. काही जण वरून गुंडाळतात, तो दोन दिवसांत सरकतो. तुमच्या सायकलीला प्लॅस्टिकचं पेडल असणार. त्याचे दात झिजून गुळगुळीत झाले असतील तर पाय सटकण्याचं अर्धं कारण तेच आहे, आणि त्यावर पट्टा हा इलाज नाही. आधी दातेरी कडांचं, पिंजऱ्यासारखं धातूचं पेडल घ्या. बदलताना पंधराचा (१५ मिमी) पाना लागतो आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, पाना वरच्या बाजूने पुढच्या चाकाकडे नेला की दोन्ही पेडलं घट्ट होतात, मागे नेला की सुटतात. डावं पेडल जोर लावून चुकीच्या दिशेने फिरवून क्रँकचे (पेडल ज्या दांडीत बसतं तिचे) आटे खाल्लेले मी दोन-तीन जणांचे पाहिलेत, तो खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट होतो.

आता तुमच्या "पक्का धरून ठेवेल" या शब्दांबद्दल. सुरुवातीला मलाही तेच हवं होतं. शाळेच्या दप्तराच्या खांद्याला नायलॉनची पट्टी असते ना, शिडीसारख्या प्लॅस्टिकच्या बकलाची, ती मी पेडलला लावली. अप्रतिम धरायची. जुलैत यवतेश्वरहून धुक्यात खाली येत होतो. समर्थ मंदिराच्या अलीकडच्या उतारावर एक म्हैस शांतपणे रस्त्यात आली. ब्रेक लागला, सायकल थांबलीसुद्धा, पण डावा पाय निघेना. त्या बकलाची कड अंगठ्याने वर उचलल्याशिवाय पट्टी ढिली होतच नाही. ओल्या, गारठलेल्या बोटांनी ती कड चाचपडत होतो तोवर सायकल डावीकडे कलली आणि सगळा भार मनगटावर आला. सहा आठवडे प्लास्टर. वेग शून्य होता, हे मुद्दाम सांगतो. पट्ट्यामुळे होणारे बहुतेक अपघात असेच, थांबल्यावर होतात.

त्यामुळे माझी एकच कसोटी आहे: पट्ट्याला हात न लावता, टाच जराशी उचलून पाय सरळ मागे ओढला की तो बाहेर आला पाहिजे. आडवा ओढून येत नाही, आणि घाबरल्यावर आपण नेमका आडवाच ओढतो. म्हणून कुठलाही पट्टा लावलात तरी आधी कंपाउंडच्या भिंतीला खांदा टेकवून, सीटवर बसून, एकेका पायाने वीस-वीस वेळा आत-बाहेर करा. पायाला ती सवय लागेपर्यंत पोवई नाक्याच्या गर्दीत जाऊ नका.

पट्ट्यांचे प्रकार ढोबळमानाने तीन.

जुना आणि खात्रीचा म्हणजे टो क्लिप: पुढे धातूचा किंवा नायलॉनचा पिंजरा आणि त्यातून ओवलेला अरुंद पट्टा. शर्यतीतले सायकलस्वार अनेक दशकं हेच वापरत. लूक कंपनीने १९८४मध्ये बुटाच्या तळाला अडकणारं पेडल आणलं, १९८५मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने त्यावर टूर द फ्रान्स जिंकली आणि तिथून टो क्लिपचे दिवस फिरले. "क्लिपलेस" या शब्दाने गोंधळू नका. त्या पेडलवर बूट खटकन अडकतोच, फक्त ही पुढची टो क्लिप नसते, म्हणून ते नाव. आपल्या फायद्याची गोष्ट एवढीच की टो क्लिप आता स्वस्तात मिळतात. मागच्या दिवाळीत मी भाच्यासाठी पिंजरा आणि पट्ट्यांचा जोड साडेतीनशेत घेतला.

टो क्लिप घेताना बकलावर सगळं अवलंबून आहे. बक्कल धातूचं, खाचेदार दाताचं हवं. दुकानातच पट्टा मुठीभोवती गुंडाळून जोरात ओढा, मग बक्कल अंगठ्याने बाहेरच्या बाजूला ढकला. एका ढकलण्यात पट्टा ढिला झाला पाहिजे. पाण्याच्या बाटलीतले चार थेंब बोटांवर घेऊन तेच परत करा. दुकानदार बघत राहील, राहू दे. बकलाचा पत्रा नखाने वाकत असेल तर तिथेच ठेवून या. चामड्याचा पट्टा दिसायला देखणा, पण आपल्या पावसात भिजून ताणतो आणि वाळला की कडक होतो. नायलॉन भिजल्यावर थोडा सैलावतो, तेवढं चालतं.

बसवताना लोक एक चूक हमखास करतात. पट्टा बाहेरच्या फटीतून आत ओवायचा, पेडलच्या मधल्या भागात त्याला एक पूर्ण पीळ द्यायचा, मग आतल्या फटीतून काढून पिंजऱ्याच्या वरच्या कडीतून परत बाहेर आणायचा. पीळ दिला नाही तर पट्टा सरकत राहतो आणि बक्कल पेडलखाली जाऊन बसतं. बक्कल कायम बाहेरच्या बाजूला, हाताला लागेल असं.

पण तुमच्यासाठी मी टो क्लिप सुचवणार नाही. एमआयडीसीत सेफ्टी शूज घालत असाल, तर त्यांचं रुंद, लोखंडी टोक या पिंजऱ्यात धड शिरत नाही, शिरलं तर निघत नाही. शिवाय पिंजरा खाली लोंबतो, त्यामुळे सिग्नलवरून निघताना पायाच्या बोटाने पेडल उलटवून पाय आत घालावा लागतो. ते जमेपर्यंत मागची गाडी हॉर्न वाजवत असते. आणि सायकलची फ्रेम लहान असेल तर वळताना पिंजरा पुढच्या चाकाला घासतो.

दुसरा प्रकार, नुसता अर्धा पिंजरा, पट्टाच नाही. पाय पुढे सरकत नाही आणि कधी अडकतही नाही. शहरातल्या शहरात उत्तम. खड्ड्यांच्या उतारावर मात्र पाय वर उडायचा तो उडतोच.

तिसरा रुंद वेल्क्रोचा पट्टा, आणि तुम्ही हाच घ्या. चवड्यावरून आडवा जातो, दोन इंच रुंद असल्यामुळे दाब पसरतो, सेफ्टी शूज असोत की कॅनव्हासचे, दोन सेकंदांत माप बदलता येतं. तयार चांगला जोड तुमच्या बजेटच्या काठावर येईल. मी स्वतः शिवून घेतलाय. भंगारवाल्याकडे जुन्या गाडीचा सीटबेल्ट मिळतो. तो पॉलिएस्टरचा असतो, भिजून ताणत नाही आणि कडेने उसवतही नाही. शिलाईच्या सामानाच्या दुकानातून दोन इंची वेल्क्रो आणला आणि बॅगा शिवणाऱ्या काकांना दिला. त्यांनी न सांगता चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारली, ती आजही तशीच आहे. वेल्क्रो एकमेकांवर किमान चार इंच चढला पाहिजे, दोन इंच ठेवलात तर चढावर उभं राहून जोर लावताना फर्रकन सुटेल. उघडणारं टोक बाहेरच्या बाजूला ठेवा. आत ठेवलंत तर उजवीकडे ते चेनमध्ये जातं.

वेल्क्रोचा शत्रू चिखल. कासच्या रस्त्यावरची तांबडी माती त्याच्या बारीक आकड्यांत (हुकांत) बसली की पकड निम्मी होते. घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने घासून धुवा, सावलीत वाळवा. साधारण दोन पावसाळ्यांनी नुसता वेल्क्रो बदलावा लागतो, पट्टी तीच राहते.

घट्ट किती? पाय आत सरकवताना बुटाचा वरचा भाग पट्ट्याला घासल्याचं जाणवावं, बस. चवड्याचा फुगीर भाग पेडलच्या दांड्यावर यायला हवा, पायाची कमान नव्हे. टाच डावी-उजवीकडे थोडी हलती राहू द्या. पाय एकाच कोनात जखडला की आधी गुडघा बोलायला लागतो. डावा पट्टा उजव्यापेक्षा एक बोट सैल ठेवा, कारण थांबताना आपण डावा पाय रस्त्याच्या कडेला टेकतो. पट्टा असला की पेडल वर ओढून दुप्पट ताकद मिळते असं सांगणारे भेटतील. खरा जोर खाली दाबतानाच लागतो. पट्टा पाय जागेवर ठेवतो आणि पावसात, खड्ड्यात त्याचीच गरज असते.

चप्पल किंवा सँडल घालून पट्टा कधीही वापरू नका. पाय निघतो, चप्पल आत राहते, आणि पुढचं पाऊल कुठे पडेल सांगता येत नाही.

रविवारी उतरताना पट्टा घाटात असू द्या, पण समर्थ मंदिराच्या वस्तीत शिरायच्या आधी डावा पाय बाहेर काढून पेडलवर नुसता ठेवा. मी आजही तिथे येताच काढतो. पट्ट्याची लांबी ठरली की जास्तीचं टोक कापून मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरा, धागे वितळून बंद होतात. पेडलचा फोटो बाजूने, फट दिसेल असा काढून पाठवा, म्हणजे किती रुंदीची पट्टी बसेल ते सांगतो.