एन. राजम यांच्या व्हायोलिनवादनाला ‘गायकी अंग’ का म्हणतात?

कारण त्या व्हायोलिनवर चक्क ख्याल, म्हणजे हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाचा मुख्य प्रकार, गातात. बंदिश (बांधलेली रचना), आलाप (संथ स्वरविस्तार), ताना (वेगवान स्वरांच्या ओळी) हे सगळं गवई जसं मांडेल तसंच, अगदी श्वास घेण्याच्या जागांसकट. याचं मूळ त्यांच्या तालमीत आहे. १९३८ सालचा जन्म. आधी वडील ए. नारायण अय्यर यांच्याकडे कर्नाटक पद्धतीचं वादन शिकल्या. हिंदुस्थानीची तालीम मात्र मिळाली पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे, म्हणजे थेट गवयाकडून. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं.

रेकॉर्डिंग ऐकताना गजाकडे, म्हणजे तारांवरून फिरणाऱ्या काठीकडे, लक्ष द्या. लांबलचक ओळ एका गजात येते, गज उलटल्याचा झटका कानाला लागत नाही. डाव्या हाताचं बोट सुटे सुटे स्वर दाबत नाही, तारेवरून घसरत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, काढतं. व्हायोलिनला सतारीसारखे स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात म्हणून हे जमतं, आणि म्हणूनच ते इतकं अवघडही आहे: बोट केसभर सरकलं तरी सूर गेला. विलंबितात (संथ लयीत) ही कमाल सर्वांत स्पष्ट ऐकू येते, तेव्हा द्रुतपासून (जलद लयीपासून) सुरुवात करू नका.

एक मात्र आहे, गायकी अंग म्हणजे फक्त राजम नव्हेत. आपल्याकडचे गजाननबुवा जोशी स्वतः उत्तम गवई होते आणि व्हायोलिनही तसंच वाजवत, मुंबईचे पं. डी. के. दातारही याच वाटेचे. वाईत जन्मलेल्या पं. व्ही. जी. जोगांचा बाज यापेक्षा वेगळा, लयकारीत, म्हणजे लयीच्या खेळात, रमणारा. तिघांनाही जरूर ऐका.