प्रश्न तुमचे : भीमथडी घोडी तंग आवळू देत नाही

प्रश्न : मी २१ वर्षांची आहे. मेंढपाळांच्या वाड्यावरून पाच वर्षांची भीमथडी, म्हणजे भीमेकाठच्या देशी जातीची, घोडी घेतली. आजवर ती बिऱ्हाडाचं ओझं वाहायची. खरारा करू देते, माझ्यामागे मोकळी चालते. पण तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून बांधायचा पट्टा, आवळायला गेलं की कान मागे टाकून चावायला येते. घरचे म्हणतात, लढाईची जात आहे, चाबकाशिवाय वठणीवर यायची नाही. खरंच तसं असतं का?
– एक वाचक, दौंड

उत्तर : नाही, चाबूक खुंटीलाच राहू द्या. मराठा फौजेत या घोड्यांचं नाव झालं ते काटकपणामुळे, थोड्या वैरणीवर लांबची मजल मारण्यामुळे. तंगाला चावणारी घोडी बहुतेक वेळा दुखतंय म्हणून चावते, किंवा पूर्वी दुखलेलं विसरलेली नसते.

आधी पाठ तपासा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात सपाट दाबत मानेमागच्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत न्या. एखाद्या जागी ती पाठ खाली दबवते का, कातडी थरथरते का? अंगाच्या रंगात मधेच पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथे ओझ्याने जुनी जखम झालेली आहे. पुढच्या पायाच्या कोपरामागेही बोटं फिरवून बघा. दुखरं निघालं तर बरं होईपर्यंत खोगीर नको, पशुवैद्यांना दाखवा. पोटातल्या अल्सरनेही घोडी अशीच वागते. म्हणून रिकाम्या पोटी खोगीर चढवू नका, आधी चार घास वैरण द्या.

पाठ स्वच्छ निघाली तर डाव्या खांद्याशी उभं राहून नुसता तंगाचा पट्टा पोटाला लावा. ती स्थिर राहिली, की त्याच क्षणी काढा. उशिरा काढलात तर कशाबद्दल सुटका मिळाली हे तिला कळत नाही. सगळी मैत्री या वेळेवर अवलंबून आहे. चार-पाच दिवसांनी तंग सैल बांधा, कोपरामागे चार बोटं सोडून. वीस पावलं चालवा, एक भोक आवळा, पुन्हा चालवा. बसण्याआधी तंगाखाली दोन बोटं जायला हवीत. शाबासकी म्हणून हातावर गूळ देऊ नका, त्याने चावण्याची खोड वाढते, मान खाजवा.

प्रश्न : चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, किती द्यावी? गाईची तयार पेंड चालेल का?

उत्तर : ती पेंड अजिबात नको, कोंबडीखाद्यही नको. अशा खाद्यात कधी कधी मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं; त्याने घोड्याचं हृदय निकामी होतं.

अडीचशे किलोच्या घोडीला रोज ५ किलो कोरडी वैरण द्या. काम असेल तर भिजवलेला हरभरा किंवा जव, एका वेळी अर्धा किलो, दोन वेळा. जोडीला ३० ग्रॅम मीठ आणि पाणी कायम पुढ्यात. खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. पावसाळ्याच्या चार महिन्यांना ६०० किलो वैरण लागते, ती मे महिन्यातच कोरड्या जागी रचा. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत चिपळूणच्या छावणीला गेलेल्या पत्रात हाच हिशेब आहे: दाणा-गवत आत्ताच उधळलंत तर पडत्या पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल.

बुरशी आलेला कडबा टाकून द्या, त्याने पोटशूळ उठतो. घोडी वळून पोटाकडे बघते, जमीन उकरते, लीद बंद होते. खाणं काढून घ्या आणि लगेच पशुवैद्यांना बोलवा. तेल किंवा ताक पाजू नका. फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.