ऊर्जाचक्र की ऊर्जाप्रवाह?

‘समुद्रातील अन्नसाखळीतले ऊर्जाचक्र’ असे लिहावे की ‘ऊर्जाप्रवाह’, असा प्रश्न आहे. माझ्या मते ‘ऊर्जाप्रवाह’च लिहावे. चक्र म्हटले की निघालेली वस्तू फिरून मूळ ठिकाणी येते असे वाचक गृहीत धरतो, आणि ऊर्जेच्या बाबतीत नेमके तेच घडत नाही.

अरबी समुद्राचेच पाहा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड पाणी वर येते आणि त्याबरोबर नायट्रेट व फॉस्फेट उजेडाच्या थरात पोहोचतात. तेथे वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, सूर्यप्रकाशातील ऊर्जा बांधून ठेवतात; त्यांना कोपेपॉडसारखे प्राणिप्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म प्राणी, खातात, प्राणिप्लवकांवर बांगडा पोसतो आणि बांगड्यावर सुरमई. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा श्वसनात व हालचालीत खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने पाण्यात विरते. सरासरीने १० टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा पुढच्या पातळीवर जाते असे धरले, तर वनस्पतिप्लवकांतील १०,००० एककांपैकी सुरमईपर्यंत १० उरतात. तारली वनस्पतिप्लवकही खात असल्यामुळे तिच्या बाबतीत एक पायरी वाचते; तिचे थवे एवढे मोठे असण्याचे हे एक कारण आहे.

मेलेल्या प्लवकांचे जिवाणू विघटन करतात तेव्हा नायट्रोजन व फॉस्फरस पाण्यात परततात आणि पुन्हा प्लवकांना मिळतात. म्हणून ‘नायट्रोजनचक्र’, ‘फॉस्फरसचक्र’ हे शब्द अगदी नेमके आहेत. त्या अवशेषांतली ऊर्जा मात्र जिवाणू स्वतःच वापरून टाकतात, आणि नव्या प्लवकांना ती नव्याने सूर्याकडूनच घ्यावी लागते. अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटातील सीडर बॉग लेक या तळ्याच्या अभ्यासावरून १९४२ मध्ये पोषण पातळ्यांची (कोण कोणाला खातो यावरून ठरणाऱ्या पायऱ्यांची) मांडणी केली, तीही याच एकदिशा वाटेवर उभी आहे.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. ‘प्रत्येक पातळीवर ९० टक्के ऊर्जा नष्ट होते’ हे वाक्य सर्रास आढळते, परंतु ऊर्जा नष्ट होत नसते. ‘उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते’ असे लिहिणे बरोबर. शिवाय पाण्याविषयी लिहिताना नुसते ‘प्रवाह’ म्हटल्यास सागरी प्रवाहाचा भास होतो, त्यामुळे ‘ऊर्जाप्रवाह’ हा जोडशब्द प्रत्येक वेळी पूर्ण लिहावा.